बोआची शेपूट मनगट का सोडत नाही

तुम्ही विचारलंय की तुमचा वर्षभराचा बोआ साप हातावर घेतला की मनगटाला शेपटीचा विळखा घालतो, सोडवायला गेलं की आणखी आवळतो, आणि पेटीतल्या फांदीवरून उचलताना सगळं अंग हातात आलं तरी शेपटीने फांदीला धरूनच राहतो. तो चिडतो का, आणि एवढ्याशा शेपटीत ही ताकद येते कुठून?

चिडत नाही. पडू नये म्हणून धरतो. साप चिडला की त्याची डोक्याकडची बाजू बोलते: मान एसच्या आकारात मागे जाते, फुत्कार येतो, कधी तोंड उघडतं. कॉर्न स्नेकसारखे काही साप बिथरले की शेपटीचं टोक थरथरवतात, पण ती मोकळी शेपूट असते. धरलेली शेपूट वेगळी. माझ्याकडे अकरा वर्षं साप आहेत, सध्या एक कॉर्न स्नेक मादी आणि एक कार्पेट पायथन (अजगराची एक जात) नर, आणि सापाला हातावर किती निर्धास्त वाटतंय हे मी आता डोक्याकडे न बघता शेपटीकडे बघून ओळखते. सापाला पापण्या नसतात, चेहरा हलत नाही. शेपूट मात्र खरं तेच सांगते.

आधी शेपूट म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण पुष्कळांना सगळा सापच शेपूट वाटतो. साप काचेवरून सरकत असताना खालून बघा. पोटावर आडवे, रुंद, एकामागे एक असे खवले दिसतात. ते जिथे संपतात तिथे एक आडवी चीर असते, विष्ठा आणि अंडी किंवा पिल्लं तिथूनच बाहेर येतात. त्या चिरेच्या पुढे जे उरतं ती शेपूट. तिथून खालचे खवले अरुंद होतात. कॉर्न स्नेकमध्ये ते जोडीजोडीने असतात, तुमच्या बोआत एकेरी दिसतील. चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक नखी दिसली तर ते मागच्या पायांचे अवशेष. बोआ आणि पायथन दोघांनाही ते असतात, नरात जास्त ठळक.

त्या चिरेपुढे बरगड्या संपतात. सापाच्या पाठीत जातीनुसार २०० ते ४०० मणके असतात आणि धडाच्या जवळजवळ प्रत्येक मणक्याला बरगड्यांची जोडी असते. शेपटीत त्या जागी नुसती हाडाची लहान टोकं उरतात. फुप्फुस, जठर, आतडं हे सगळं अलीकडेच थांबतं. शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात, नराची जननेंद्रियं आत वळवून ठेवलेली असतात (म्हणून नराची शेपूट बुडाशी जाड आणि एकूण लांब दिसते), आणि त्यापुढे फक्त हाड, स्नायू, कातडी, थोडी चरबी. धडाने स्वतःला कितीही आवळलं तरी आतल्या श्वासाची आणि पोटातल्या खाद्याची काळजी घ्यावी लागते. शेपटीला ती अडचण नाही. शिवाय एकेका सांध्यात वळायला जागा थोडीच असली तरी टोकाकडे मणके लहान लहान होत जातात, म्हणून तेवढ्याच लांबीत सांधे जास्त येतात. त्यामुळेच बोआची शेपूट पेन्सिलीएवढ्या काडीलाही पूर्ण वेढा घालू शकते, आणि त्याचं धड मात्र तसं करू शकत नाही.

पकड धरते ती घर्षणाने. चिकटणारं काही नाही, फांदीत रुतवायला नख्या नाहीत, पालीच्या पायासारखी गादी नाही. शेपटीच्या पोटाकडच्या बाजूचे स्नायू आखडतात, शेपूट आतल्या बाजूला वळते आणि फांदी चहूबाजूंनी दाबली जाते. दाब जितका जास्त तितकं घसरणं कमी. त्यात वेढ्याचा फायदा वेगळाच. दोराचा अर्धा वेढा खांबाला मारला आणि कोणी दुसरीकडून ओढलं तर दोर सरकतो. दोन-तीन वेढे मारले की लहान मूलही एक टोक धरून मोठ्या माणसाची ओढ थांबवू शकतं. वेढा वाढला की पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. म्हणून तुमचा बोआ मनगटाला एक वेढा पुरा झाला की दुसऱ्याची सुरुवात करतो.

आणि गरजेपेक्षा जास्त आवळतो हेही खरं आहे, तुमचा भास नाही. ग्रेग बर्न्स आणि ब्रूस जेन या संशोधकांनी २०१४ साली हे मोजून प्रसिद्ध केलं. पाच जातींचे साप उभ्या खांबावर चढवले आणि ते खांबाला किती जोराने दाबतात ते टिपलं. स्वतःचं वजन पेलायला लागतो त्याच्या तिपटीहून जास्त दाब ते सर्रास देत होते. ताकद वाचवण्यापेक्षा न पडणं त्यांना महत्त्वाचं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण तोवर मी माझ्या सापांच्या घट्ट विळख्याला हट्टीपणा म्हणत होते.

ही पकड सापाला फुकट मिळत नाही. पुष्कळ पक्ष्यांच्या पायात अशी सोय असते की फांदीवर बसलं की नख्या आपोआप मिटून अडकतात आणि पक्षी झोपूही शकतो. सापाकडे तसं कुलूप नाही. विळखा जितका वेळ घट्ट, तितका वेळ स्नायू कामाला लागलेले. पॅसिफिक महासागरातल्या गुआम बेटावर ब्राउन ट्री स्नेक या सापाची एक वेगळीच चढण सापडली, २०२१ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. पक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत साप पोहोचू नयेत म्हणून खांबावर जाड, गुळगुळीत धातूचा नळ बसवला होता. सापाने नळाभोवती एकच मोठा वेढा टाकला, शेपटीचं टोक स्वतःच्याच अंगाला अडकवून फास केला आणि त्या फासात बारीक बारीक वळणं सरकवत वर गेला. एरवी साप खांबाला एकापेक्षा जास्त ठिकाणी धरून चढतात, इथे सगळं एकाच फासावर. पण तो साप घसरत होता, मध्येच थांबत होता आणि जोरजोराने श्वास घेत होता. तुमच्या मनगटावर दहा मिनिटं आवळून बसलेला बोआही असाच दमत असतो, म्हणून मी त्या विळख्याकडे गंमत म्हणून बघत नाही.

माझ्या पायथनला रात्री दिवे मालवून, मंद लाल उजेडात फांदी बदलताना मी कित्येकदा बघितलंय. तुम्हीही बघा. निघण्याआधी तो काहीच करत नाही असं वाटतं, पण शेपटीचं शेवटचं दोन बोटं टोक हलायला लागलेलं असतं. ते सालीवरून सरकतं, एखाद्या खाचेपाशी थांबतं, फांदीखालून वळून पलीकडे जातं आणि परत वर येऊन स्वतःच्याच कातडीला टेकतं. तो स्पर्श झाला की आवळणं सुरू होतं. टोकाकडून मुळाकडे एकेक वेढा बसत जातो, खवल्यांमधली फिकट कातडी दिसेनाशी होते. मग कुठे डोकं पुढे निघतं. निम्म्याहून जास्त अंग हवेत आडवं जातं, कसलाही आधार नाही, सगळा भार मागच्या विळख्यावर आणि पाठीच्या स्नायूंवर. डोकं पलीकडच्या फांदीला लागतं, मान तिच्यावर चढते, पुढच्या अंगाचा एक वळसा बसतो. आणि तेव्हाच, त्याआधी कधीच नाही, शेपूट सुटायला लागते. ती ओढून काढली जात नाही, उलगडली जाते. टोक सगळ्यात शेवटी सुटतं, क्षणभर हवेत लोंबतं आणि मग अंगामागून निघून जातं.

तुमच्या हातावर हेच होतंय. डोकं तुमच्या बोटांवरून पुढे जागा शोधतंय आणि पुढची पक्की जागा मिळेपर्यंत शेपूट मागची सोडायला तयार नाही. फांदीवरून उचलतानाही तोच हिशेब: अंग तुमच्या हातात असलं तरी तुमचा हात हलतोय, फांदी हलत नाही. कोणावर भरवसा ठेवायचा हे त्याच्या दृष्टीने उघड आहे.

सगळे साप असे धरत नाहीत. ग्रीन ट्री पायथन आणि एमराल्ड ट्री बोआ यांचा उभा जन्म फांदीवर जातो; एक न्यू गिनीकडचा, दुसरा दक्षिण अमेरिकेतला, जवळचं नातं नाही, तरी दोघेही फांदीवर सारख्याच वेटोळ्यात बसतात आणि शेपटीने लटकून खाली झेप घेतात. भक्ष्य तोंडात आणि विळख्यात, आणि सापाचं नि भक्ष्याचं सगळं वजन शेपटीवर. ग्रीन ट्री पायथनची पिल्लं तर शेपटीचं टोक अळीसारखं वळवळवून भक्ष्याला जवळ बोलावतात. झाडावरच्या सापांची आणखी एक गोष्ट मला थक्क करते. साप उभा चढतो तेव्हा रक्त शेपटीकडे ओढलं जाणार. सापांचे अभ्यासक हार्वी लिलीव्हाइट यांनी दाखवून दिलं की झाडावरच्या सापांचं हृदय डोक्याच्या जास्त जवळ असतं आणि मागच्या भागातली कातडी व स्नायू इतके घट्ट असतात की तिथे रक्त साचायला जागाच मिळत नाही.

बोआ हा या झाडावरच्या आणि जमिनीवरच्या सापांच्या मधला. लहानपणी फांद्यांवर बराच असतो, मोठा आणि जड झाला की जमिनीवर उतरतो, त्यामुळे तुमच्या बोआची पकड या वयात सगळ्यात जास्त जाणवणार. कॉर्न स्नेक शेपटीने धरतो पण तिच्यावर लटकून राहत नाही. त्याच्या पोटाच्या दोन्ही कडांना जी धार असते ती खडबडीत सालीत रुतवून तो चढतो. बॉल पायथनची शेपूट आखूड, पण तोही हातावर शेपटीचा आकडा करतोच. हॉगनोज नावाच्या सापाकडून आणि मांडुळाच्या जातभाई सँड बोआंकडून काही अपेक्षा ठेवू नका. सँड बोआची शेपूट इतकी बोथट की लोक तिला दुसरं तोंड समजतात. वाळूत राहणाऱ्याला फांदी धरायचं कारणच पडत नाही.

आता सोडवायचं कसं, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण यात मी एका सापाचं नुकसान केलेलं आहे.

माझा पायथन तेव्हा जेमतेम पाऊण मीटरचा होता. पेटी साफ करायची होती, तो फांदीला शेपटी गुंडाळून बसलेला. मी धड उचललं, शेपूट सुटेना, मी घाईत होते, एक हिसका दिला. शेपूट सुटली. आवाज झाला नाही, त्याने मागे वळून चावाही घेतला नाही. पुढच्या कातीनंतर टोकापासून चार बोटांवर एक बाक दिसला जो सरळ होईना. पशुवैद्याने एक्स-रे काढला, एक मणका जागचा हलला होता. सापाचा मज्जारज्जू शेपटीतही जातो, त्यामुळे इजा थोडी वर झाली असती तर काय झालं असतं हे मला तिथे नीट समजावून सांगितलं गेलं. आज तो दोन मीटरचा आहे, खातोपितो, चढतो. पण फांदीला विळखा घालतो तेव्हा त्या बाकापाशी शेपूट टेकत नाही, माझी करंगळी जाईल एवढी फट राहते. रोज दिसते मला ती.

तर ओढायचं नाही. कधीच. तुम्ही मधून ओढता तेव्हा सापाला घसरल्यासारखं वाटतं आणि तो आणखी आवळतो. सोडवायला गेलं की घट्ट होतो असं तुम्हाला वाटतं ते यामुळेच. आधी दुसरा तळहात पसरून त्याच्या अंगाखाली द्या, अंगाचं वजन हातावर येऊ द्या. पुष्कळदा एवढ्यानेच विळखा ढिला पडतो. नाही पडला तर टोकाकडून सुरुवात करा. टोकाला ताकद सगळ्यात कमी असते. बोटाचं पेर टोकाखाली सरकवायचं आणि दोरीचं रीळ उलगडावं तसं वेढ्याच्या उलट दिशेने हळूहळू उलगडत यायचं. सुटलेला भाग लगेच स्वतःच्या बोटावर घ्या, लोंबत ठेवला तर तो पुन्हा पहिल्या जागी जातो. डोक्याकडून सोडवायला जाऊ नका, तिकडे ताकद जास्त आणि दातही तिकडेच.

पेटीतून काढायचा असेल तर फांदीच निघेल अशी बसवा. ग्रीन ट्री पायथन पाळणारे हेच करतात, फांदीसकट साप बाहेर काढतात आणि तो आपणहून उतरेल तेव्हा उतरू देतात. बोआलाही हे चालतं. फांद्या वेगवेगळ्या जाडीच्या ठेवा, निदान एक त्याच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, आणि ती गोल फिरता कामा नये. फिरणारी फांदी हे विळखा घट्ट राहायचं मोठं कारण आहे, आणि आपण मात्र साप घाबरट आहे असं समजून बसतो. प्लास्टिकचा गुळगुळीत नळ वापरत असाल तर त्यावर सुतळी गुंडाळा. गारठलेल्या सापाचे स्नायू मंद चालतात, धरायलाही वेळ लावतात आणि सोडायलाही, म्हणून थंड पेटीतून काढल्या काढल्या हाताळू नका.

शेपटीला धरून साप उचलू नका, उलटा लटकवू नका. वजन जितकं जास्त तितका सांध्यांवर ताण, आणि बोआ लवकर जड होतो. नर की मादी हे बघण्यासाठी शेपटीच्या मुळाशी सळई घालणं किंवा अंगठ्याने दाबणं हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. ग्रीन ट्री पायथनच्या लहान पिल्लांत तर ते करतच नाहीत, शेपूट कायमची वाकते.

कात टाकली की सगळ्यात आधी कातीचं शेपटीकडचं टोक बघायची सवय लावा. ते शिवणकामातल्या अंगुस्तानासारखं बंद असायला हवं. उघडं असेल तर टोकाची टोपी सापाच्या अंगावरच राहिली आहे. एकावर एक अशा दोन-तीन कातींच्या टोप्या बसल्या की त्या वाळून आवळतात, रक्त थांबतं, टोक काळं पडतं आणि गळून जातं. पालीची शेपूट परत येते, सापाची येत नाही. कोमट ओल्या फडक्यात शेपूट अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग फडक्यातूनच साप सरकू द्या, टोपी बहुतेक वेळा तिथेच निघून येते. नखाने खरवडू नका. आणि पेटीतली आर्द्रता तपासा, मूळ कारण बहुधा तिथेच असतं.

काळजी कधी करायची, तर पकड घट्ट असताना नाही. पकड अचानक गेली तर. काल फांदीवर चढणारा साप आज शेपटीने धरू शकत नसेल, घसरून पडत असेल, उलटा ठेवला तर स्वतःहून सरळ होत नसेल किंवा डोकं वर करून आभाळाकडे बघत राहत असेल, तर त्याच दिवशी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. बोआ आणि पायथनमध्ये विषाणूमुळे होणारा इन्क्लुजन बॉडी डिसीज नावाचा आजार आहे आणि त्याची काही लक्षणं अशीच असतात. घरात दुसरे साप असतील तर याला वेगळा ठेवा.

तुमच्या मनगटाला सध्या धोका नाही. बोटं निळसर पडेपर्यंत वाट मात्र बघू नका, उलगडा. आणि गळ्याभोवती साप घ्यायचा नाही हा नियम तो आत्ता लहान आहे तेव्हाच घरात लावून घ्या. पाय घसरला की सापाचा विळखा जिथे असेल तिथेच घट्ट होतो, आणि तो गळा आहे की फांदी यात तो फरक करत नाही. अडीच-तीन मीटरच्या पुढचा बोआ झाला की हाताळताना दुसरं मोठं माणूस जवळ हवंच.

उद्या त्याला घ्याल तेव्हा बसून घ्या, हात मांडीवर टेकवा आणि दोन-तीन मिनिटं अजिबात हलवू नका. नजर शेपटीच्या टोकावर ठेवा. ते आधी कातडीवरून सुटेल, मग थोडं इकडे तिकडे फिरेल. सुटलं तर मला नक्की कळवा. नाही सुटलं तर पेटीच्या गरम आणि थंड बाजूचं तापमान आणि फांदीची जाडी लिहून पाठवा, मी बघते.